तिसऱ्या धारणीची मागणी

पडद्यावरची रेघ आडवी झाली होती. ना चढ, ना उतार. पाटीवर पट्टी धरून ओढावी तशी.

हेमांगी शिरगुप्पे सकाळपासून कितव्यांदा तरी त्या पडद्यासमोर येऊन उभी राहिली. खरं तर तिचं टेबल मजल्याच्या दुसऱ्या टोकाला, ग्रंथालयाच्या शेजारी होतं, आणि वाढीचे आलेख वाचणं हे तिचं कामही नव्हतं. ती शब्दांची माणूस. जीवशास्त्राची पदवी घेऊन मग भाषाशास्त्राकडे वळलेली. मिरजेच्या या गर्भविज्ञान संस्थेत परिभाषा मंडळाने तिला पाठवलं होतं ते प्रजननाच्या इंग्रजी संज्ञांना मराठी प्रतिशब्द शोधायला. कारण नवा कायदा असा होता की कृत्रिम गर्भाशयात मूल वाढवायचं तर सगळी प्रक्रिया आईबापांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायची आणि मगच संमती घ्यायची. 'कृत्रिम गर्भाशय' हे शब्द ऐकले की माणसं खुर्चीत मागे सरकायची. हेमांगीने त्याऐवजी 'धारणी' हा शब्द सुचवला.

"धारणी? ते मेळघाटातलं गाव की ओ," असं यंत्रविभागाचे इक्बाल मुजावर तेव्हा म्हणाले होते. पण शब्द रुजला. आता संस्थेतला पहारेकरीसुद्धा धारणीच म्हणायचा.

दिसायला ती साधी वस्तू होती. दुधाच्या मोठ्या कॅनएवढी पेटी, तिच्यात जाड पारदर्शक पिशवी, पिशवीत कोमट द्रव आणि त्यात गर्भ. गर्भाची नाळ त्याच्या स्वतःच्या वारेला जोडलेली आणि ती वार एका मऊ, सच्छिद्र गादीत रुजलेली. गादीतून पोषकरस वाहायचा. त्यात किती साखर, किती लोह, किती प्राणवायू हे नियंत्रक ठरवायचा. नियंत्रक म्हणजे माणूस नव्हे, संगणक.

शेळ्यांची करडं धारणीत वाढून बाहेर आली होती आणि संस्थेच्या आवारात उड्या मारत होती. माणसांचं मात्र जमत नव्हतं. पहिल्या धारणीतल्या मुलीची वाढ सहाव्या महिन्याच्या अखेरीला थांबली; तिला घाईने बाहेर काढावं लागलं आणि ती कशीबशी जगली. दुसऱ्या धारणीतला मुलगा तसाच थांबला आणि जगला नाही. तिसऱ्या धारणीत हेमांगीच्या धाकट्या भावाचं, सन्मतीचं बाळ होतं. त्याच्या बायकोच्या, शाल्मलीच्या हृदयाचा स्नायू एका तापात कायमचा दुबळा झाला होता. गर्भारपण तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. धारणीबद्दल दोघांना सांगितलं ते हेमांगीने.

"रेघ बघून हलत नसते, ताई," मुजावर मागून म्हणाले. "बसा जरा. चहा सांगू?"

"नको."

"तुमच्या घरात सगळ्यांचा पहिला शब्द नकोच असतो काय? तुमची भावजय तर पाणीसुद्धा नको म्हणते."

हेमांगीला हसू आलं नाही. "आवटीबाई काय म्हणाल्या?" तिने संचालकांचं विचारलं.

"आठवडाभर थांबायचं म्हणाल्या. नाही चढली तर बाहेर काढायचं." मुजावरांनी ओंजळ केली आणि लगेच सोडली. बाळ तेवढंच होतं.

*

सातव्या महिन्याचं डोहाळजेवण करायचंच, हा हेमांगीच्या आईचा हट्ट. "पेटीत असलं म्हणून काय झालं? सातवा महिना तो सातवा महिना." रेघ अडली आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. संस्थेच्या भेटकक्षात झोपाळा कुठला असणार? मग चाकांच्या खुर्चीलाच शेवंतीच्या माळा बांधल्या आणि हिरवी साडी नेसलेल्या शाल्मलीला तिच्यात बसवलं. गळ्यात, हातात फुलांचे दागिने. शेजारच्या काचेपलीकडे धारणी, तिलाही आईने लांबूनच हळदकुंकू वाहिलं.

शाल्मली हसत होती, पण खालचा ओठ दातांत धरून. सन्मती दारापाशी उभा राहून सारखा घड्याळाचा पट्टा काढत-घालत होता.

"सांग गं, काय खावंसं वाटतं?" आईने ताट पुढे केलं. करंज्या, साखरभात, आंबोशीचं लोणचं, सगळं होतं.

"काही नको, आई."

"असं कसं? सन्मतीच्या वेळी मी पाटीवरची पेन्सिल खायचे, लपून. ही हेमा पोटात होती तेव्हा माठाचा वास घेत बसायचे. सासूबाई म्हणायच्या, माठ फोडून खाशील एक दिवस."

बायका हसल्या. "थोडीशी करंजी तरी घे," कुणीतरी म्हणालं.

"नको, खरंच."

"अगं, डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो म्हणतात."

शाल्मलीचा चेहरा एकदम बदलला. "मला कसले डोहाळे लागणार हो? लागले असतील तर त्या पेटीला. तिला विचारा."

आईने घाईने विषय बदलला, कुणीतरी पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या पुढे आणल्या. पण हेमांगीच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. ती त्या वाक्याभोवती घुटमळत होती. पेटीला विचारा. विचारलं होतं का कुणी?

तांब्या खिडकीत ठेवून ती बाहेर पडली आणि जिना जवळजवळ धावतच चढली.

*

संस्थेच्या संचालक डॉ. निर्मला आवटी आणि मुजावर डबे उघडून बसले होते.

"नियंत्रकाला शिकवलं कशावर?" हेमांगीने दारातूनच विचारलं.

"आधी श्वास घे," आवटीबाई म्हणाल्या. "कशावर म्हणजे? प्रसूतिशास्त्राच्या इंग्रजी वाङ्मयावर. दीडदोनशे वर्षांच्या नोंदी, पुस्तकं, निबंध. गर्भाचा कुठला संकेत कशाचं लक्षण, हे तो त्यातूनच शिकला."

"त्या वाङ्मयात बाईला माती, खडू खावासा वाटतो त्याला काय म्हणतात?"

"पायका."

"पायका हे लॅटिनमधलं एका पक्ष्याचं नाव आहे. मॅगपाय. आपल्याकडच्या टकाचोराचा भाऊबंद. दिसेल ते चोचीत घालतो म्हणून."

"म्हणजे पोटुशी बाई टकाचोर?" मुजावर म्हणाले. "माझ्या बायकोला सांगतो. लाटणं घेऊन येईल."

"प्लॅसेंटा घ्या. त्याचा अर्थ चपटी पोळी. वार बाहेर पडल्यावर ताटात कशी दिसते, ते बघून दिलेलं नाव. आत असताना ती काय करते, त्याचा त्यात पत्ता नाही. ऑब्स्टेट्रिक्स म्हणजे समोर उभं राहणारीचं शास्त्र. मिडवाइफ म्हणजे बाईच्या सोबत असलेली. जेस्टेशन म्हणजे वाहून नेणं, ओझं वाहावं तसं. नाव देणारा कुठे उभा होता ते प्रत्येक शब्दात दिसतं, बाई. आणि तो दर वेळी बाहेर उभा होता."

आवटीबाईंनी पोळीचा घास बाजूला ठेवला. त्यांना असली भाषणं आवडत नसत. "आणि आपले शब्द काय आकाशातून पडले? बीज आणि क्षेत्र कुणाचे? आपणही बाईला शेत केलंच की."

"केलं. मी कुठे नाही म्हणते? पण डोहाळे हा शब्द दोहद या जुन्या शब्दावरून आलाय, आणि त्याची परंपरेने सांगितलेली फोड आहे दोन हृदयांची. पंडितांचं एकमत नाही त्यावर. फोड चुकीचीही असेल. पण ज्यांनी ती केली, त्यांची समजूत तर कळते ना? त्यांना वाटत होतं, मागणारं दुसरंच कुणीतरी आहे. इंग्रजीतसुद्धा क्रेव्ह या क्रियापदाचा जुना अर्थ हक्काने मागणं असाच होता. कोण मागतंय, ते पुढे विसरलं गेलं आणि उरली बाईची तक्रार."

"शब्दांवरून औषध ठरत नाही, हेमांगी."

"नाही ठरत. पण कुठे बघायचं राहिलं, ते कळू शकतं. मला एवढंच सांगा, नियंत्रकाने ओकाऱ्या, डोहाळे, साखर चढणं हे सगळं कुठल्या सदरात घातलं असेल?"

"मातेच्या तक्रारी," मुजावर म्हणाले. आणि हातातला चमचा तसाच धरून थांबले. "आणि इथे माता जोडलेलीच नाही. म्हणून ते अख्खं सदर आपण बंद ठेवलंय."

डब्यातलं उरलेलं कुणी खाल्लं नाही. मुजावरांनी धारणीतून बाहेर जाणाऱ्या टाकाऊ प्रवाहाच्या नोंदी उघडल्या. वारेतून सुटणारी जी संप्रेरकं नियंत्रकाने 'असंबद्ध' म्हणून बाजूला सारली होती, त्यांचा आलेख पडद्यावर आला. सुळके होते. लहान, मग मोठे, मग त्याहून मोठे. आधी बोटाने, मग मुठीने, मग दोन्ही हातांनी दार वाजवावं तसे. त्यानंतर ते खुजे होत गेले होते. जिथे ते जवळजवळ विझले, तिथेच वाढीची रेघ आडवी झाली होती.

आवटीबाईंनी पहिल्या दोन धारण्यांच्या नोंदी मागवल्या. तिथेही तेच.

"करडांना का नाही झालं हे?" मुजावरांनी विचारलं.

"शेळीची वार वरवर चिकटते, माणसाची खोल रुजते," आवटीबाई हळू म्हणाल्या. "आपलं पोर आईच्या रक्तात थेट हात घालून मागतं. आणि आपण…" त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. तो स्वच्छच होता. "आपण ठरवून दिलेला शिधा देत राहिलो. त्याचं ऐकलंच नाही."

*

त्याच संध्याकाळी नियंत्रकाला नवा हुकूम मिळाला: तिसरी धारणी मागेल ते द्यायचं.

रेघ चढली. सन्मतीने पेढे वाटले. हेमांगी घरी जाऊन कितीतरी दिवसांनी नीट जेवली.

दोनच दिवसांत आवटीबाईंचा फोन आला आणि त्यांच्या आवाजावरूनच हेमांगीला कळलं. गर्भाच्या रक्तातली साखर भडकली होती, हृदयाचे ठोके घोड्यासारखे पळत होते. "हे वाढणं नव्हे," त्या म्हणाल्या, "हे सुजणं आहे."

"तुम्हीच म्हणालात ना, मागेल ते द्या?" सगळे संस्थेत जमल्यावर सन्मती चिडून त्यांना म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"म्हणाले. आणि चुकले," आवटीबाई म्हणाल्या. "गर्भ नेहमी गरजेपेक्षा जास्त मागतो. आई सगळं देणार नाही, हे धरूनच तो मागतो. लाखो वर्षांची सवय आहे ती. त्याचं भलं आणि तिचं भलं शंभर टक्के जुळत नाही. दोघं दोरी ओढत असतात, म्हणून दोरी ताठ राहते. एकाने सोडली की दुसरा पाठीवर पडतो."

"बाजारातल्या भाजीवालीगत," मुजावर म्हणाले. "ती भाव चढाच सांगते. तुम्ही घासाघीस करणार हे तिला ठाऊक असतं. तुम्ही पहिल्याच भावाला हो म्हणालात, तर तीच गांगरते."

"मग नियंत्रकाला घासाघीस शिकवा!" सन्मती म्हणाला.

शिकवलीही. मागणीच्या निम्मं द्यायचं, पाऊण द्यायचं, कधी हो, कधी नाही, सगळी सूत्रं करून पाहिली. प्रत्येक सूत्र गर्भाने थोड्या वेळात ओळखलं. मग तो त्या हिशेबाने मागणी तेवढीच चढवायचा, नाहीतर गप्प व्हायचा. आणि गप्प होणं हेच सगळ्यात भीतीचं होतं.

"भिंतही नाही म्हणते आणि आईही नाही म्हणते," आवटीबाई दमून म्हणाल्या. "पण आईला स्वतःला काहीतरी हवं असतं. तिचं नाही कधी लटकं असतं, कधी खरं. तिच्याजवळ गमावण्यासारखं काही असतं. यंत्राजवळ नसतं. आपल्याला पलीकडच्या बाजूला जितंजागतं शरीर हवं."

उपाय यंत्रशास्त्राच्या दृष्टीने अवघड नव्हता. त्याला हेमांगीने 'रक्तसेतू' हे नाव दिलं, तेही घाईघाईत, संमतीपत्र लिहिता लिहिता. एका माणसाचं थोडंसं रक्त रोज काही तास नळीतून धारणीच्या गादीत फिरवायचं आणि परत त्याच्या अंगात सोडायचं. गर्भाचं रक्त त्यात मिसळायचं नाही; फक्त संप्रेरकं ये-जा करणार. परतीच्या नळीवर बारीक गाळणी, म्हणजे वारेतून सुटून आलेली एखादी पेशी माणसाच्या अंगात जायची नाही. बाळाला पोसायचं काम धारणीचंच. माणसाने फक्त ऐकायचं आणि त्याच्या शरीराने उत्तर द्यायचं.

"मला जोडा," हेमांगी म्हणाली.

"तुझी साखर आधीच वाढलेली आहे. घासाघिशीत पहिल्या दिवशी हरशील," आवटीबाई म्हणाल्या.

"मग मला," सन्मती म्हणाला.

"पुरुषाच्या शरीराला ही भाषा किती ऐकू येते, ते मला माहीत नाही. शोधून काढायला आवडलं असतं, पण आज वेळ नाही."

शाल्मली तोवर कोपऱ्यात गप्प बसली होती. "माझ्या हृदयावर ताण येऊ नये म्हणूनच धारणी आली ना?" ती म्हणाली. "मग आता ताण धारणीच घेणार आहे. मला फक्त ऐकायचंय. आणि तुम्हाला नाही म्हणणारं शरीर हवंय. माझं शरीर तर जिना चढायलासुद्धा नाही म्हणतं. याच्याहून चिकट गिऱ्हाईक तुम्हाला कुठे मिळणार?"

मुजावर खुदकन हसले आणि लगेच ओशाळले. सन्मती म्हणाला, "अजिबात नाही." शाल्मलीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती हेमांगीकडे बघत होती.

"ताई, वाचून दाखवा ना ते. मराठीत."

हेमांगीने वाचून दाखवलं. शाल्मलीने सही केली.

*

पहिले काही दिवस हेमांगी जागची हलली नाही. शाल्मली पलंगावर, दंडातून निघालेली नळी शेजारच्या धारणीत, आणि उशाशी हृदयाच्या ठोक्यांचा पडदा. हेमांगीला दोन्ही पडदे एकाच वेळी बघायचे असायचे. मान दुखायला लागली.

एके सकाळी शाल्मली कुजबुजली, "ताई, हसणार नसाल तर सांगते."

"काय?"

"मला कच्चा बटाटा खावासा वाटतोय. मीठ लावून."

शिरगुप्प्यांच्या जैन घरात चार पिढ्या कंदमूळ शिजलं नव्हतं. हेमांगी तोंडावर हात ठेवून हसली, हसता हसता रडली. मुजावर धावत कॅंटीनमधून बटाटा घेऊन आले, धुवून, चकत्या करून. तेवढ्यात नेमकी आई आली. तिने बशीकडे पाहिलं, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, धारणीकडे पाहिलं.

"कुणाला हवाय?" तिने विचारलं.

"त्याला," शाल्मली ओशाळून म्हणाली.

"मग त्याच्या खात्यावर जाऊ दे," आई म्हणाली आणि बशी तिच्या जवळ सरकवली. "जन्मल्यावर बघू त्याच्याकडे."

रेघ चढत होती. धावत नव्हती, थांबत, जोखत, घासाघीस करत चढत होती. गर्भाने मागावं, शाल्मलीच्या शरीराने हात आखडता घ्यावा, थोडं सोडावं. त्या देवाणघेवाणीकडे बघून नियंत्रक काय द्यायचं ते ठरवत होता. आवटीबाई प्रथमच दुपारी घरी जेवायला जाऊ लागल्या.

आणि मग रेघ पुन्हा आडवी झाली.

या वेळी सगळं जागच्या जागी होतं. मागण्या नियमित होत्या. उत्तरं मिळत होती. साखर नीट, प्राणवायू नीट. बाळाला पोटभर मिळत होतं आणि बाळ वाढत नव्हतं. मिळालेलं जात कुठे होतं? आवटीबाई खोलीत येरझारा घालत होत्या. शाल्मली डोळे मिटून पडली होती, पण तिच्या पापण्या हलत होत्या. तिला झोप लागलेली नाही हे सगळ्यांना कळत होतं आणि सगळे ती झोपली आहे असं धरून हळू बोलत होते.

"पाणी गळत असेल तर आधी नळ्या बघायच्या," मुजावर स्वतःशीच म्हणाले आणि सेतूच्या एकेक जोडावर बोट फिरवू लागले. परतीच्या नळीपाशी त्यांचं बोट थांबलं. "ही गाळणी हल्ली रोजच बदलावी लागते मला. तुंबते. सुरुवातीला कुठे तुंबत होती?"

"तुंबलेलं काय करता?"

"टाकून देतो की. कचरा तो."

हेमांगी आणि आवटीबाईंनी एकाच वेळी त्यांच्याकडे पाहिलं.

त्या दिवशीची गाळणी टाकली नाही. तिच्यावरचा पांढुरका थर आवटीबाईंनी पोषकद्रवात ठेवला, दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि बराच वेळ डोळा भिंगावरून काढला नाही. मग त्या बाजूला झाल्या.

हेमांगी वाकली. प्रकाशाच्या वर्तुळात पेशींचा एक लहानसा पुंजका होता. तो आकसत होता, सैल होत होता. पुन्हा आकसत होता. एका लयीत.

"हृदयाच्या पेशी," आवटीबाई म्हणाल्या. "बाळाच्या. गर्भाच्या काही पेशी वारेतून आईच्या अंगात जातात आणि वर्षानुवर्षं तिथे राहतात, हे जुनं ज्ञान आहे. आपण ते वाचलं आणि म्हणूनच गाळणी बसवली. पण इतक्या? आणि सगळ्या एकाच जातीच्या?" त्या खुर्चीत बसल्या. "शाल्मलीच्या दुबळ्या स्नायूतून काही रसायनं तिच्या रक्तात सुटत असतात. तिचं रक्त वारेपर्यंत जातं. बाळाला ती पोचतात."

"म्हणजे तिचंसुद्धा मागणं त्याला ऐकू येतंय," हेमांगी म्हणाली.

"येतंय. आणि ते देतंय. स्वतःचं वाढणं थांबवून."

"आणि मी केराच्या डब्यात टाकतोय," मुजावर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

हेमांगी उठून खिडकीपाशी गेली, परत आली. बसवेना. पहिल्या वेळी बाळ मागत होतं. उत्तर मिळालं नाही म्हणून आणखी जोरात मागत राहिलं आणि थकलं. आता ते देत होतं. दिलेलं पोचत नव्हतं. शाल्मलीचं हृदय अजून 'हवं' म्हणत होतं. म्हणून ते पुन्हा देत होतं. आणखी देत होतं. थकेपर्यंत देणार होतं.

"सेतू तोडला तर?"

"तर पलीकडे कुणीच नाही. पुन्हा पहिल्यासारखं."

"आणि सेतू ठेवून गाळणी काढली तर?"

"तर पेशी तिच्या हृदयापर्यंत जातील," आवटीबाई म्हणाल्या. " रुजल्या, तर तिचं मागणं कमी होईल आणि बाळाचं देणंही. पण ठोक्यांची लय बिघडवतील का, मला माहीत नाही. निसर्गात हे थेंबाथेंबाने, महिनोन्महिने होतं. तसंच सोडू आपण. तरी धोका उरतोच. सांगायला तुलाच लागेल, हेमांगी. तिच्या भाषेत."

संमतीपत्राच्या नव्या कलमासाठी हेमांगीने तासभर शब्द शोधला. गर्भारपणाचे इंग्रजी शब्द तिने एकेक करून पुन्हा तपासले: आत घेणं, वाहणं, धरणं, मोकळं होणं. मराठी तपासले: धारण, पोषण, भरण. सगळ्या शब्दांत देणारी आई होती. तिने स्वतः घडवलेल्या शब्दातसुद्धा. पोटातलं पोर आईला देतं, याला नाव द्यावं असं कुठल्याच भाषेत कुणाला वाटलं नव्हतं. शेवटी तिने शब्दाची जागा कोरी ठेवली आणि शाल्मलीच्या पलंगाशी जाऊन बसली. साध्या वाक्यांत सगळं सांगितलं.

शाल्मलीने शेवटपर्यंत ऐकलं. मग मान हलवली. "नको."

"शाल्मली…"

"माझ्यासाठी त्याने वाढायचं थांबवलं, आणि मी त्याचंच घेऊ? आई आहे मी त्याची. असं होत असेल, तर सेतू काढा. माझं काय, मी अशीच आहे."

"सेतू काढला तर ते जगणार नाही. आणि ठेवला आणि तू घेतलं नाहीस, तरी जगणार नाही. ते थांबत नाहीये गं. तुझं पोट… तुझं हृदय भरेपर्यंत ते तुझ्या ताटात वाढतच राहणार. तू घेतलंस तरच हात थांबेल त्याचा."

शाल्मलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. सन्मती पुढे झाला, पण हेमांगीने त्याला हाताने थांबवलं. धारणीतल्या पाण्याचा बारीक आवाज येत होता.

"माहेरीसुद्धा मी कधी कुणाकडून काही घेतलं नाही," शाल्मली भिंतीशीच बोलली. "आजारी मुलगी म्हणून सगळे द्यायला यायचे. तेव्हापासून नकोच म्हणायची सवय."

"ठाऊक आहे."

"दुखेल?"

"मला माहीत नाही. आवटीबाईंनाही माहीत नाही. मी इथेच बसणार आहे."

बऱ्याच वेळाने शाल्मलीने नळी असलेला हात चादरीबाहेर काढून सरळ केला. "काढा ती गाळणी," ती म्हणाली.

मुजावरांनी परतीचा प्रवाह अगदी बारीक केला आणि गाळणी उचलली. उशाशी ठोके एकदा अडखळले, सन्मतीने पलंगाची कड घट्ट धरली, आणि ते पुन्हा मार्गाला लागले. तो दिवस तसा गेला. पुढचेही काही दिवस तसेच. आवटीबाई रोज सकाळी शाल्मलीच्या हृदयाचं चित्र काढायच्या आणि ते घेऊन निघून जायच्या. मग एकदा त्या ते चित्र घेऊन परत आल्या आणि आदल्या चित्राशेजारी धरून उभ्या राहिल्या. त्याच दुपारी वाढीची रेघ किंचित कलली. वर.

"बघा की, ताई," मुजावर म्हणाले. "परतीच्या नळीत आज जवळपास काहीच नाही. थांबलं त्याचं पाठवणं."

हेमांगीला बघायचं होतं, पण तेवढ्यात शाल्मली उशीवरून थोडी वर सरकली.

"ताई, भूक लागलीय मला."

मुजावरांनी सवयीने टेबलावरची बटाट्याची बशी उचलली आणि पडद्याकडे नजर टाकली. तिथे मागणीचा एकही सुळका नव्हता. पोटभर जेवून झोपलेल्या पोरासारखी तिसरी धारणी शांत होती. त्यांनी बशी परत खाली ठेवली.

"काय आणू?" हेमांगीने विचारलं. "थोडासा भात आणू का, वरण घालून?"

शाल्मलीने क्षणभर विचार केला.

"थोडासा नाही," ती म्हणाली. "ताट भरून आणा."